पूर्वी चालायचं, आता डोक्यात जातं: तुमचंही असं होतं का?

गवती चहा
बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

गेल्या वर्षभरापासून मला आवाज आणि वास सहन होईनासे झालेत. वरच्या मजल्यावर रिनोव्हेशन चालू आहे, त्याचं ड्रिलिंग एकवेळ समजू शकते. पण सोसायटीत कोणी गाडी मागे घेताना ती ट्यून वाजते ना, ती ऐकली की दात आवळले जातात. लिफ्टमधला फिनाइलचा वास. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलाचा डिओ. लेक अभ्यास करताना बॉलपेनचं बटण टिकटिक करतो ते. जिन्यातली लुकलुकणारी ट्यूब. यातलं एकही नवीन नाही, सगळं वर्षानुवर्षं आजूबाजूला आहेच. मीच बदललेय.

घरात सासूबाईंचं आजारपण आहे, ऑफिसात दोघांचं काम एकीला आहे, झोप तुटक. नवरा म्हणतो, "तुझं डोकं आधीच तापलेलं असतं, आवाजाचं फक्त निमित्त." मला वाटतं उलट आहे, दिवसभर हे सगळं अंगावर येतं म्हणून डोकं तापतं. तर प्रश्न असा, की ताणामुळे हे वाढतं, की यामुळे ताण वाढतो? आणि कुणाला कशाने फरक पडला?

"दीर्घ श्वास घ्या, ध्यान करा" सोडून काहीही सांगा. तिथेही मागे संथ बासरी वाजत असते, आता तीही डोक्यात जाते.

टवाळ
यादीत नवऱ्याचं घोरणं नाही. म्हणजे संसार सुखाचा आहे, काळजी नसावी. (हलके घ्या)

निशाचर
अगदी अगदी! मला मचमच आवाज करत जेवणारी माणसं. दुसरं काही नाही, फक्त हेच. ढोलताशा पथकाच्या शेजारी उभी राहू शकते, पण समोरचा भुरके मारत आमटी प्यायला लागला की मला ताट घेऊन उठावंसं वाटतं. दुर्दैवाने लग्नच अशा घरात झालंय जिथे भुरका ही पावती समजतात.

याला मिसोफोनिया म्हणतात, हे कळल्यावर फार बरं वाटलं. २००१ सालापर्यंत याला नावसुद्धा नव्हतं.

खडूस काका
माझं बालपण परळच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. पहाटे गिरणीचा भोंगा, मग नळावरची भांडणं, शेजारी रेडिओ, वरती पोरांची धावाधाव, संध्याकाळी बाकड्यावर कॅरम. मी त्यातच अभ्यास करून पास झालो आणि बँकेत लागलो. कोणाला कसला "ट्रिगर" नव्हता. आता खिडक्या बंद करून, एसी लावून बसायची सवय झाली, मग पेनाची टिकटिक सुद्धा बोचते. सवयीचा परिणाम, दुसरं काही नाही.

सोलापुरी चादर
+१ काका. घरात शांतता जास्त झालीय लोकांच्या.

पाटपाणी
काका, चाळीतल्या बायकांना कधी विचारलंत का कोणी? माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. महिन्यातून एकदा-दोनदा तरी खिडकीला जुनं लुगडं टांगून, कपाळाला सुंठेचा लेप लावून, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. "आजीची अर्धशिशी उठलीय, ओरडू नका" एवढंच आम्हा पोरांना सांगायचे. उदबत्तीसुद्धा त्या दिवशी लावायचे नाहीत. त्रास तेव्हाही होता, तो सांगायची पद्धत नव्हती. आणि ज्यांना सहन झालं नाही ते "तिरसट" म्हणून प्रसिद्ध होते. प्रत्येक चाळीत असा एक तिरसट असायचाच की नाही, खरं सांगा.

खडूस काका
होता. आमच्याकडचे तळमजल्यावरचे एक मास्तर. चेंडू घरात गेला की कापून परत द्यायचे.

टवाळ
काका, तुमचा आयडी बघता ती जागा रिकामी राहिलेली दिसत नाही.

कानामागून
धंद्याने कान-नाक-घसा, मुक्काम नाशिक. इथे लिहून निदान होत नाही, पण नेमकं काय होतंय हे रुग्णाला सांगता आलं तर आमचं निम्मं काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"आवाज सहन होत नाही" हे एकच वाक्य घेऊन येणाऱ्यांच्या भानगडी वेगवेगळ्या असतात. काहींना सगळेच मध्यम आवाज मोठे वाटतात, स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं तरी कानात काहीतरी टोचल्यासारखं होतं. तो हायपरअॅक्युसिस. निशाचर यांचा प्रकार निराळा. तिथे आवाज बारीक असतो, ठरावीक असतो, बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाने तोंडाने नाहीतर हाताने काढलेला असतो, आणि दुखत नाही, संताप येतो. तिसरा गट अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेन. यात आवाजाच्या जोडीला उजेड आणि वासही नकोसे होतात. आणि चौथा गट वयस्कर मंडळींचा, तो सगळ्यांत गंमतशीर. कान मंद झालेले असतात, हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण आवाज जरा वाढवला की एकदम मोठा वाटतो. मधली पायरीच नाहीशी झालेली असते.

आता ताणाचं. नवरा-बायको दोघंही बरोबर आहेत, हे उत्तर कुणालाच आवडत नाही पण तसंच आहे. स्टॉकहोममध्ये २०१३ साली साडेतीनशेच्या आसपास लोकांवर एक प्रयोग झाला. काही मिनिटांचा मुद्दाम ताण दिला, त्यात बर्फात हात धरायला लावणं वगैरे, आणि त्याच्या आधी व नंतर आवाज कुठपर्यंत सहन होतो ते मोजलं. मानसिक थकवा खूप असलेल्या स्त्रियांची सहनशक्ती ताणानंतर खाली आली, काहींना ६० डेसिबललाच, म्हणजे साध्या बोलण्याच्या पातळीलाच, त्रास व्हायला लागला. थकवा कमी असलेल्यांत असं झालं नाही. याचा अर्थ "मनाचे खेळ" असा नाही. कानातून आत गेलेला आवाज मेंदूत कितपत मोठा करून घ्यायचा याचं एक बटण असतं, रेडिओचं असतं तसं, आणि झोप मोडलेल्या, काळजीत असलेल्या माणसाचं ते बटण वरच्या बाजूला सरकलेलं असतं.

एक धोक्याची सूचना. असा त्रास असलेली मंडळी दिवसभर कापूस नाहीतर इअरप्लग घालून बसतात. करू नका. कानाला आवाज कमी मिळाला की मेंदू ते बटण आणखी वर नेतो. ड्रिलिंग चालू असताना घाला, फटाक्यांत घाला, शांत घरात काढून ठेवा.

सोलापुरी चादर
डॉक्टर, चौथा गट वाचून उडालोच. हे शंभर टक्के आमचे बाबा! काल संध्याकाळचाच संवाद:
मी: बाबा, चहा घेणार?
बाबा: (काही नाही)
मी: बाबा, चहा!
बाबा: अं?
मी: बाबा, चहाऽऽ!
बाबा: अरे ओरडतोस कशाला अंगावर, बहिरा नाही मी!

आई म्हणते मुद्दाम करतात. त्यांना काही उपाय आहे का?

कानामागून
मुद्दाम करत नाहीत, आईंना सांगा. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कानाचं मशीन लावायचं ठरलं तर मोठे आवाज किती वाढवायचे याची मर्यादा त्यात बसवून घेता येते, ते नीट बसवून देणाऱ्याकडूनच घ्या. आणि ओरडण्यापेक्षा समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. जास्त उपयोग होतो.

आडनाव नको
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला एका गोष्टीचा राग येतो, स्पष्ट लिहिते.

बाईने तक्रार केली की "आवाज फार आहे", उत्तर मिळतं "तू फार ताण घेतेस". आवाज फार आहे का, हे कोणी मोजतच नाही! भारतात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय-शाळा-कोर्टांच्या आसपास शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आपल्यापैकी कोणाच्या खिडकीत रात्री ४५ मिळतात? मग ज्याला त्रास होतो तो नाजूक कसा? नियम मोडणारा निबर आहे, असं कोणी का म्हणत नाही?

१९७५ साली न्यूयॉर्कमध्ये एका शाळेचा अभ्यास झाला. शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे होती. शाळा तीच, शिक्षण तेच. मग रुळांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या, वर्गात आवाज शोषणारं छत केलं, आणि नंतर तपासलं तेव्हा फरक उरला नव्हता. मुलांना कोणी ध्यान शिकवलं नाही, रूळ दुरुस्त केले. हे लक्षात असू द्या.

गवती चहा
आडनाव नको, __/\__ . हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

इति अलम
आडनाव नको यांच्याशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्क्यांचं भांडण.

डेसिबल हे अर्धं उत्तर आहे. ग्लास आणि सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं १९७२ च्या सुमाराचं काम बघा. लोकांना खोलीत बसवून मध्येच, अंदाज येणार नाही असा कर्कश आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिलं: "अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका." बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी गोंगाट तेवढाच ऐकला. नंतर न सुटणारी कोडी सोडवायला दिली तर बटण नसलेले लोक लवकर कंटाळून उठले, मुद्रितशोधनात त्यांच्या हातून जास्त चुका सुटल्या. आवाज सारखाच होता, तो थांबवायची सोय आपल्या हातात आहे की नाही एवढाच फरक.

खडूस काकांच्या चाळीचं उत्तर मला यात दिसतं. भोंगा कधी होणार हे माहीत होतं. रेडिओ कोणाचा हे माहीत होतं, आणि अति झालं तर गॅलरीतून "ए बंड्या, बारीक कर" म्हणता येत होतं. आज वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल कोण चालवतोय, कधी संपणार, कोणाला सांगायचं, काहीच माहीत नसतं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तर तीन अंगठे आणि एक सुविचार येतो.

खडूस काका
बंड्या नव्हता, पण मुद्दा पटला. आमच्याकडे गणपतीत लाउडस्पीकर असायचा तो कोण लावतो, केव्हा बंद करतो हे पोरांच्या हातातच असायचं. कारण पोरं म्हणजे आम्हीच.

उडीदवडा
अवांतर: गाडी रिव्हर्स घेताना "सारे जहाँ से अच्छा" वाजवायची कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली त्याला शोधून काढायला हवं. आमच्याकडे एक गृहस्थ रोज रात्री पावणेबाराला गाडी लावतात आणि पार्किंग अवघड असल्यामुळे पुढे-मागे, पुढे-मागे करतात. राष्ट्रभक्ती तुकड्यातुकड्याने ऐकू येते. "हिंदोस्ताँ ह…" की गियर बदलतो.

टवाळ
उभं राहायचं की नाही हा प्रश्न पडत असेल.

उडीदवडा
अर्धवट उठून बसतो, काय करणार.

फ्रँकफर्टकर
जर्मनीतून दोन पैसे. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. निवासी भागात रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायला कायद्याने बंदी. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या तर त्याही कामाच्या दिवशी, दिवसा, कारण खळ्ळकन आवाज होतो. नवीन आलो तेव्हा स्वर्ग वाटला.

मग हळूहळू उलटा प्रकार सुरू झाला. आता आपल्या हातून आवाज होतोय याचा ताण. रविवारी खलबत्त्यात वेलची कुटताना मी खाली टॉवेल घालतो. मुलगी रांगायला लागली तेव्हा खालच्या आजींची चिठ्ठी आली, अतिशय सभ्य भाषेत. कुकरची तिसरी शिट्टी होऊ नये म्हणून ओट्यापाशी उभा असतो. पुण्याला आलो की पहिले दोन दिवस झोप लागत नाही, आणि परत गेलो की तिथल्या शांततेत फ्रिजची घरघर ऐकू यायला लागते.

पाटपाणी
वेलचीखाली टॉवेल!! मेले हसून.

सांजवेळ
आवाजावर एवढं झालं, वासावर कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. माझी एक छोटी खानावळ आहे, रोज दीडशे डबे जातात. मिरची-लसणाची फोडणी पडली की सगळे खोकणार हे धरूनच चालतो. पण मला गेल्या काही वर्षांत फोडणीच नाही, भांडी घासायच्या पावडरीचा, डिलिव्हरीवाल्या पोराच्या अत्तराचा, गार वाऱ्याचासुद्धा त्रास होतो. नाक गळतं, शिंका, घसा बसतो. ॲलर्जीची टेस्ट केली, काहीच निघालं नाही. तेव्हापासून घरात म्हणतात "तुला कामाचा कंटाळा आलाय". दीडशे डब्यांचा कंटाळा आला असेल तर आला असेल, पण नाक खोटं गळत नाही ना!

कानामागून
सांजवेळ, टेस्टमध्ये काही न निघणं म्हणजे आजार नाही, असं नव्हे. ॲलर्जीत शरीर एखाद्या पदार्थाविरुद्ध लढत असतं, ते टेस्टमध्ये दिसतं. तुमचं वर्णन नॉन-ॲलर्जिक ऱ्हायनायटिसचं वाटतं: वास, धूर, गार हवा, तिखट यांनी नाकातल्या नसा चाळवतात. टेस्ट कोरी, नाक ओलं. त्यावर नाकात मारायचे फवारे आहेत, बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणंही बरं, फक्त पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं नको.

आणि फोडणीचा ठसका हा तर शुद्ध रसायनशास्त्राचा धडा. मिरचीतलं कॅप्सायसिन नसांवरच्या ज्या रिसेप्टरवर (संवेदना टिपणाऱ्या रेणूवर) बसतं तोच रिसेप्टर चटका बसल्याची खबर मेंदूला देतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तेल फार तापून धुरावलं की त्यातून अॅक्रोलिनही निघतं, ते वेगळं झोंबतं. तेलातून धूर निघायच्या आत मोहरी टाका, आणि चिमणी नाहीतर निदान एक्झॉस्ट लावा. दीडशे डब्यांच्या स्वयंपाकघरात ही चैन नाही.

सांजवेळ
धन्यवाद डॉक्टर. एक्झॉस्ट आहे, पण त्याचा आवाज इतका की बंद ठेवते. :( बघा, धाग्याचे दोन्ही विषय एका पंख्यात.

रानवारा
शहरातल्यांचं वाचून झालं, आता आमचं ऐका. शेती, अहिल्यानगर जिल्हा. आमच्याकडे गोंगाट नाही, डिओ नाही. गाजरगवत आहे. काँग्रेस गवत म्हणा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात आणि आता देशात जागा सोडली नाही. माझ्या चुलत्यांना त्याची ॲलर्जी. पावसाळा सुरू झाला, बांधावर पांढरी फुलं आली की मान, पापण्या, कोपराच्या आतली बाजू, सगळं लाल, जाड, चिरा पडलेलं. उन्हात तर आग. तोंडाला उपरणं गुंडाळून पाणी द्यायला जातात. हाताने उपटायचं म्हटलं तर उपटणाऱ्यालाच होतं.

डॉक्टर म्हणतात संपर्क टाळा. शेतकऱ्याने बांध टाळायचा तर जायचं कुठं? आणि ताणाचं म्हणाल तर ज्या वर्षी पाऊस लांबतो, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, त्या वर्षी चुलते जास्त खाजवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. गवत तेवढंच असतं.

इति अलम
रानवारा, शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं. आणि तरीही गवत खरंच आहे, हेही तितकंच.

रानवारा
उपटायला माणूस मिळाला तर बघा, मोलाचं वाक्य फुकट देतो.

निर्मळ मन
नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो. या सगळ्याचं मूळ मोबाइल टॉवर आणि वायफाय आहे. आमच्या बिल्डिंगवर टॉवर आल्यापासून मला डोकेदुखी, झोप नाही. घरातला राउटर रात्री बंद करायला लागलो, लगेच फरक पडला. सर्वांनी करून पाहावं.

इति अलम
तुमचा त्रास खरा असणार, पण कारण ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच यावर लिहिलंय: लक्षणं खरी असतात, कधीकधी माणूस कामातून जातो, पण त्यांचा या लहरींशी संबंध जोडायला वैज्ञानिक आधार नाही. लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या चाचण्यांत अशा लोकांना ते ओळखता आलेलं नाही. राउटर बंद केल्यावर झोप लागली, कारण राउटर बंद झाला की घरात सगळ्यांचे मोबाइलही बंद होतात. :)

निर्मळ मन
तुम्ही टॉवर कंपनीत आहात का?

टवाळ
पॉपकॉर्न घेतलेत. खाताना आवाज करणार नाही, निशाचर काळजी नको.

सोलापुरी चादर
वासावरून आठवलं, उदबत्ती-धुपाबद्दल कोणी बोलत नाही. बोललं की लगेच श्रद्धेवर जातं म्हणून. डासांच्या कॉइलबद्दल तरी बोलू. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात असं २००३ साली एका अभ्यासात निघालं होतं. आम्ही लहानपणी खाटेखाली कॉइल लावून, खिडकी लावून झोपायचो. तेव्हा कोणाला काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी सकाळी उठल्यावरचा खोकला आठवावा.

खडूस काका
रोख माझ्याकडे आहे हे कळलं. खोकला होता. आम्ही त्याला हवा बदलली म्हणायचो.

संपादक मंडळ
धागा चांगला चाललाय. धर्म आणि टॉवर या दोन्हीवर वेगळे धागे आहेत, इथे वाद पेटवून धाग्याचं काश्मीर करू नका.

गवती चहा
सगळे प्रतिसाद वाचले, काहींना वेगळा निरोपही पाठवला आहे.

इति अलम यांचं बटणाचं वाचून घरात एक गोष्ट लक्षात यायला लागली. माझा स्वतःचा मिक्सर मला अजिबात त्रास देत नाही. शेजारणीचा देतो. माझी फोडणी चालते, खालच्या मजल्यावरची खिडकीतून आली की मळमळतं. गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला होते, तिथे बँड, हळदीचा दणका, अत्तरदाणी, सगळं झालं, काही वाटलं नाही. सोमवारी ऑफिसात त्या मुलाचा डिओ आला आणि तासाभरात डोकं धरलं. आता हे ताण की डिओ, सांगा!

वरच्या फ्लॅटवाल्यांना मात्र जाऊन भेटले. ड्रिलिंग किती दिवस आहे ते विचारलं. बाई चांगल्या निघाल्या, दुपारी एक ते चार बंद ठेवायला सांगितलंय त्यांनी कामगारांना. ड्रिल आहेच, पण चार वाजेपर्यंत नाही हे माहीत असलं की सासूबाई झोपतात आणि मीही.

कानामागून
"तासाभरात डोकं धरलं": एका बाजूला ठणकतं का? वाकलं, जिना चढलं की वाढतं? आदल्या दिवशी झोप नीट नव्हती का? आणि तेव्हा उजेडही नकोसा होतो का? लग्नात चार दिवस दगदग, जागरण, मग सोमवारी निवांत झाल्यावर दुखणं, हे मायग्रेनवाल्यांत नेहमी दिसतं. शिवाय काहींना डोकं दुखायच्या आधीच वास बोचायला लागतो, म्हणजे डिओने दुखलं असं वाटतं आणि खरं तर दुखणं निघालेलंच असतं. चाळिशीच्या आसपास असाल तर पाळीच्या तारखांशीही जुळवून बघा. डायरी ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

गवती चहा
उजवी बाजू. आणि हो, त्या ट्यूबलाइटचं… जिना चढताना. मी कधी जोडून बघितलंच नव्हतं. आईला अर्धशिशी होती.

आडनाव नको
डॉक्टरसाहेब, आदर आहे, पण बघा, पुन्हा ती बाईच तपासायला निघाली. डिओवाल्या मुलाला कोण सांगणार?

कानामागून
दोन्ही करायचं. मी प्रिस्क्रिप्शनवर डिओ बंद लिहू शकत नाही, नाहीतर लिहिला असता.

निशाचर
मुलाला मी सांगितलं असतं. नवऱ्याला सांगायची हिंमत अजून झालेली नाही, भुरक्याचं.

उडीदवडा
मुंबईकरांना आठवत असेल, जानेवारी २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना आवाजाचं मीटर जोडलेलं दाखवलं होतं. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. वाजवा हॉर्न, थांबा आणखी. तो व्हिडिओ मी आजही अधूनमधून बघतो, बासरीपेक्षा जास्त शांत वाटतं.

पाटपाणी
फोनवरच्या डेसिबल ॲपवर विश्वास ठेवावा का? माझं ॲप आमच्या देवघरात ६२ दाखवतं आणि रस्त्यावर ६४.

इति अलम
ढोबळ अंदाजापुरतं. फोनचा माइक त्यासाठी बनवलेला नाही, दोन फोन शेजारी ठेवले तरी वेगळे आकडे येतात. शिवाय डेसिबलची मोजणी सरळ नसते, दहाने वाढ म्हणजे ऊर्जा दहापट. ६२ आणि ६४ मध्ये कानाला फारसा फरक नाही. ५५ आणि ७५ मध्ये आहे. तक्रारीला पुरावा म्हणून ॲपचा आकडा जोडण्यापेक्षा तारीख, वेळ, किती वेळ चाललं, हे लिहून ठेवा.

सांजवेळ
तक्रार नेमकी करायची कुठे पण? आमच्या मागच्या हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत डीजे असतो. पोलिसांत गेलं की हॉलवाल्याला नाव कळतं, आणि माझे डबे त्याच गल्लीतून जातात.

आडनाव नको
११२ वर फोन करा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर करावे लागतात, हॉलवाल्याच्या मर्जीवर नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलंय की तक्रार करणाऱ्याची ओळख न मागता कारवाई करा. फोनवर हे शांतपणे सांगायचं. पलीकडचा "बघतो" म्हणतो. मग दहा मिनिटांनी पुन्हा फोन. शेजारच्या दोघी-तिघींनाही करायला लावा, एकाच वेळी नाही, थोड्या थोड्या अंतराने.

सांजवेळ
शनिवारी हॉलला लग्न आहे. करून बघते आणि इथे कळवते.

टवाळ
जेवणाचं कंत्राट तुमच्याकडे नाही ना, एवढं आधी बघा.

सांजवेळ
…मठ्ठा माझ्याकडे आहे.